कौल न लावता आखलेली हद्द

१३ एप्रिल १९८७ रोजी महाराष्ट्र शासनाने मालवणच्या समुद्रात एक हद्द आखली. त्या हद्दीतले पाणी, खडपे आणि बेटे मिळून राज्यातले पहिले सागरी अभयारण्य झाले. क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर. त्यातले ३.१८२ चौरस किलोमीटर गाभ्याचे, उरलेले त्याच्या भोवतीचे. गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला येतो, पद्मगड येतो आणि त्यांच्या आसपास पाण्याखाली पसरलेले खडक येतात. या खडकांवर प्रवाळ वाढते, समुद्री शेवाळ माजते, कालवे चिकटून राहतात, लहान मासे वाढतात. हे राखायला हवे होते यात शंका घेण्याजोगे काही नाही.

तरीही मालवणच्या मच्छीमारांनी अभयारण्याला विरोध केला, आणि तो विरोध अनेक वर्षे टिकला. रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचे, काय होणार, होड्या कुठे लावायच्या, उद्या समुद्रातच जाऊ दिले नाही तर खायचे काय, हे त्यांचे प्रश्न होते. बाहेरून पाहणाऱ्याला ही पोट आणि निसर्ग यांची नेहमीची ओढाताण वाटेल. माझे मत वेगळे आहे. या किनाऱ्यावरच्या माणसांना राखीव जागा ही गोष्ट नवी नव्हती. जिल्ह्यातल्या गावागावांत अशी राने आहेत जिथे कुऱ्हाड चालत नाही, अशी कुंडे आहेत जिथे गळ टाकत नाहीत. गाव तीन दिवस रिकामे करायचे म्हटले तर ते रिकामे होते. नवे होते ते हे की, या वेळी कोणी विचारले नाही. सिंधुदुर्गात जागा राखायची तर आधी विचारावे लागते, आणि विचारण्याची एक पक्की रीत आहे.

त्या रीतीला कौल म्हणतात. ग्रामदेवतेच्या पाषाणावर भिजवलेले तांदूळ किंवा फुलांच्या पाकळ्या लावतात. गुरव किंवा घाडी गाऱ्हाणे घालतो. प्रश्न मोठ्याने, सगळ्यांसमोर मांडला जातो आणि जमलेले मानकरी, गावकर ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला दुजोरा देतात. मग सगळे थांबतात. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. नकार आला तर प्रश्न फिरवून पुन्हा विचारतात, कुठे चुकले ते विचारतात, चूक दुरुस्त करायचे कबूल करतात. लग्न, विहीर, जत्रेची तारीख, शिमग्याच्या होळीसाठी तोडायचे झाड, रानातून उचलायचे लाकूड असे सगळे या पाषाणासमोर येते. पाकळी का पडली याची चर्चा करण्यात मला रस नाही. मला त्या थांबण्यात रस आहे. ज्याला झाड तोडायचे आहे त्याला आपली गरज सगळ्या गावासमोर बोलून दाखवावी लागते आणि नकार येऊ शकतो हे आधीच मान्य करावे लागते. ज्या रानाचा निर्णय असा होतो त्या रानात कोणी रात्री चोरून कुऱ्हाड नेली तर तो एकट्या देवाचा गुन्हेगार राहत नाही, तो ‘व्हय म्हाराजा’ म्हटलेल्या प्रत्येकाचा होतो.

कौलाची ताकद किती, हे पाहायचे तर मालवण तालुक्यातल्या आचऱ्याला जावे. आचऱ्याचा देव रामेश्वर. त्याच्या कौलाने दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. दिवस ठरला की गाव घरांना कुलपे लावते आणि गुरे, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर पडते. हिंदू कुटुंबे जातात, मुसलमान कुटुंबेही जातात. वेशीपलीकडे माळरानावर, नदीकाठी राहुट्या उभ्या राहतात, चुली मांडल्या जातात, रात्री भजने आणि फुगड्या रंगतात. तीन दिवस, तीन रात्री गावात माणूस नसतो. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेतात. देवाने होकार दिला तरच गाव परतते, नाही तर मुक्काम वाढतो. शेजारच्या चिंदर गावीही गावपळणीची परंपरा आहे.

हल्ली गावपळणीबद्दल लिहिताना तिला पर्यावरणाचा पोशाख चढवण्याची पद्धत पडली आहे. गावाला विश्रांती मिळते, हवा शुद्ध होते, साथीचे रोग हटतात, असे सांगतात. असेलही, पण गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारले तर ती असे सांगत नाहीत. जागा माणसांची एकट्याची नाही, देवाची आहे, देवाच्या परिवारातल्या इतरांचीही आहे, आणि त्यांना ती अधूनमधून मोकळी करून द्यावी लागते, असे ती सांगतात. हे कारण जसे आहे तसे ऐकून घ्यायला हवे. आपल्या सोयीच्या विज्ञानात त्याचे भाषांतर करून मगच त्याला किंमत द्यायची, यात त्या माणसांचा मान राहत नाही. शिवाय नुकसान आपलेच होते. ‘इथे आपण पाहुणे आहोत’ हे हजारो माणसांनी तीन रात्री उघड्यावर झोपून कबूल करणे, हे कोणत्याही अभयारण्याच्या फलकाला साधलेले नाही.

जमिनीवरची राखण याच मुशीतली. तळकोकणातल्या बहुतेक गावांना एखादी देवराई असते. कुठे ती सातेरीची, कुठे रवळनाथाची, कुठे ब्राह्मणदेवाची, कुठे नुसत्या एका पाषाणाची. सातेरी तर कित्येक ठिकाणी वारुळाच्या रूपातच पुजली जाते. नियम गावागणिक बदलतात. काही रायांत पडलेले सुके लाकूडही उचलत नाहीत, काही ठिकाणी फक्त देवळाच्या कामासाठी कौल घेऊन झाड मिळते, काही ठिकाणी पायांतल्या वहाणा बाहेर काढून आत जावे लागते. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा हा क्षेत्रपाल. तो रात्री गावाच्या सीमेवर फिरून राखण करतो, म्हणून भाविक त्याला चामड्याच्या मोठ्या वहाणा आणि केळ्यांचे घड वाहतात. राखणदार चालून दमतो, त्याच्या वहाणा झिजतात, त्या पुन्हा द्याव्या लागतात. गावाची सीमा रोज कोणीतरी पायी तपासतो आहे, ही भावना ज्या मुलाच्या मनात लहानपणी बसली त्याला सीमेचा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही.

देवरायांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष नीट वळले ते १९७० च्या दशकात. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातल्या देवराया पालथ्या घातल्या आणि १९७६ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच काळात श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी आपल्या काळकाईची राई वाचवण्यासाठी त्यांची मदत मागितली होती. वनखात्याने ती तोडायला काढली होती. गाववाल्यांनी देवीचे नाव सांगितलेच, पण त्याबरोबर सांगितले की आमचा ओढा या राईतून येतो, राई गेली की ओढा आटेल. देवी आणि ओढा यांची त्यांनी फारकत केली नव्हती. ती राई तेव्हा वाचली.

सिंधुदुर्गातले असेच उदाहरण दोडामार्ग तालुक्यात आहे. हेवाळे-बांबर्डे इथे भालांडेश्वराची राई आहे. पायाखाली चिखल, बारमाही पाझर, आणि त्या चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळे. ही झाडे रानजायफळाच्या कुळातली, मिरिस्टिका मॅग्निफिका नावाची. पाण्याने तुडुंब भरलेल्या मातीत हवा नसते, म्हणून मुळे चिखलाबाहेर डोके काढून श्वास घेतात. खोडाच्या तळाशी आधारमुळांचा घेर असतो, कारण अशा जमिनीत झाड उभे राहणेच कठीण. सपुष्प वनस्पतींच्या फार जुन्या कुळांपैकी हे एक, आणि ही प्रजाती पश्चिम घाटाबाहेर जगात कुठेही नाही. अशा दलदली एकेकाळी घाटाच्या पायथ्याच्या ओढ्यांकाठी दूरवर होत्या. भातशेती आणि बागायतीला नेमकी तशीच सपाट, पाणथळ जमीन लागते, म्हणून त्या बहुतेक ठिकाणी गेल्या. बांबर्ड्यात राहिली, कारण ती भालांडेश्वराची होती. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने तिथल्या २.५९ हेक्टर जागेला जैविक वारसा स्थळाचा दर्जा दिला. शासनाचा शिक्का मिळण्याआधी कित्येक पिढ्या ती जागा एका देवाच्या नावावर सांभाळली गेली होती आणि त्या काळात तिथे एकही वनरक्षक नेमलेला नव्हता.

त्याच वर्षी सावंतवाडी तालुक्यात आंबोलीला असेच घडले. तिथे हिरण्यकेशी नदीचा उगम आहे. गुहेतून पाणी बाहेर येते, महादेवाच्या देवळासमोरच्या कुंडात उतरते आणि पुढे पूर्वेला वळून घटप्रभेत आणि तिच्यातून कृष्णेत जाते. या कुंडात मासे मारत नाहीत. २०२० मध्ये तिथल्या पाण्यात गोड्या पाण्यातल्या एका लहान, रंगीत माशाची नवी प्रजाती शास्त्राला सापडली. तेजस ठाकरे, शंकर बालसुब्रमण्यम आणि प्रवीणराज जयसिंहन यांनी तिचे वर्णन केले आणि नदीच्या नावावरून तिला शिस्टुरा हिरण्यकेशी म्हटले. शासनाने २०२१ मध्ये तिथले २.११ हेक्टर क्षेत्र वारसा स्थळ जाहीर करताना या माशाच्या शास्त्रीय नावापुढे कंसात ‘देवाचा मासा’ असे लिहिले. शासकीय कागदावर देवाला अशी जागा क्वचित मिळते. इथे ती मिळाली आणि गावाने हद्दीला विरोध केला नाही, या दोन गोष्टींचा संबंध मला स्पष्ट दिसतो. आंबोलीत आणि बांबर्ड्यात कायदा देवाच्या मागून आला. आधीपासून पाळल्या जाणाऱ्या नियमावर त्याने मोहोर उठवली.

जगभरात हा क्रम बहुधा उलटा राहिला. १८७२ मध्ये अमेरिकेत यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान झाले आणि पुढे जगाने त्याचा कित्ता गिरवला. त्या कित्त्यात निसर्ग म्हणजे माणूस नसलेली जागा. यलोस्टोनच्या दऱ्यांत शिकार आणि पूजा करणाऱ्या मूळ जमातींना हटवले गेले, आणि नंतर आशिया-आफ्रिकेत ठिकठिकाणी तेच झाले. न्यूझीलंडमध्ये मात्र सुरुवात वेगळी झाली. तोंगारिरोची ज्वालामुखी शिखरे न्गाती तुफारेतोआ या माओरी जमातीला पूज्य. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हाती ती तुकड्यातुकड्यांनी जातील हे ओळखून त्यांचा प्रमुख ते हेउहेउ तुकिनो चौथा याने १८८७ मध्ये ती सरकारला दिली, विकू नयेत आणि सर्वांसाठी राखावीत म्हणून. त्यातून तोंगारिरो राष्ट्रीय उद्यान झाले. १९९० मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा मानले ते निसर्गासाठी. माओरींच्या श्रद्धेचा अर्थ त्यात यायला १९९३ उजाडले. सांस्कृतिक भूदृश्य म्हणून वारसा यादीत आलेले ते जगातले पहिले ठिकाण. ऑस्ट्रेलियात उलुरू हा प्रचंड खडक तिथल्या अनांगू लोकांना १९८५ मध्ये कायद्याने परत मिळाला, पण त्यावर पर्यटकांनी चढणे बंद व्हायला २६ ऑक्टोबर २०१९ पर्यंत वाट पाहावी लागली. निसर्ग संवर्धनाचा आंतरराष्ट्रीय संघ आणि युनेस्को यांनी २००८ मध्ये पवित्र निसर्गस्थळांच्या व्यवस्थापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांतला मुख्य आग्रह असा की, अशा जागांचे जे परंपरागत राखणदार आहेत त्यांना आधी विचारा, त्यांची संमती घ्या. आचऱ्याच्या गुरवाला यात नवे काही वाटणार नाही.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की सगळे देवावर सोपवावे. तसे करता येणार नाही, आणि हे मी दुःखाने लिहितो आहे. गेल्या काही दशकांत तळकोकणातल्या देवरायांना सर्वात मोठा धोका पोचला तो देवळांच्या जीर्णोद्धारातून. मुंबईला स्थिरावलेले चाकरमानी भक्तीने पैसे पाठवतात. जांभ्या दगडाचे, लाकडी खांबांचे, उतरत्या छपराचे लहान देऊळ पाडून स्लॅबचे मोठे देऊळ होते. सभामंडप येतो, त्यापुढे पेव्हर ब्लॉक येतात, गाड्यांसाठी रस्ता रुंद होतो, जत्रेसाठी मैदान लागते. एकेक कारण खरे असते आणि एकेका कारणापायी राई आतून खचत जाते. सातेरीच्या वारुळाला जिवंत, ओली माती लागते. भोवती संगमरवरी फरशी बसली की ती माती सुकू लागते आणि देवी राहते ती केवळ मुखवट्यात. कौल अशा वेळीही घेतला जातोच. पण प्रश्न ‘देऊळ बांधू का’ असा विचारला जातो, ‘राई तोडू का’ असा नाही. प्रश्न कोण मांडतो आणि कसा मांडतो यावर उत्तर अवलंबून असते, हे गावातल्या शहाण्या माणसांना कळते. ती पुढे येऊन बोलली तर बदल होतो.

दुसरी मर्यादा हद्दीची. बांबर्ड्याची राई २.५९ हेक्टरची, पण तिच्या चिखलाला लागणारे पाणी तेवढ्यात तयार होत नाही. ते वरच्या उतारांवरून झिरपत येते. दोडामार्ग तालुक्यात गेल्या काही दशकांत डोंगरउतारांवरचे रान काढून रबर, अननस आणि काजूच्या लागवडी वाढल्या. उतारावरचे रान गेले तर पावसाचे पाणी मुरण्याआधी वाहून जाते. तिथे भालांडेश्वराची सत्ता चालत नाही आणि वारसा स्थळाचा शिक्काही चालत नाही. इथे कायद्याचीच गरज आहे, आणि ती भागवायला गाव अपुरे आहे. सड्यांचे, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांचेही तसेच. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर ‘बाहुल्यांचे टेंब’ नावाच्या जागी जांभ्यात कोरलेली प्राचीन कातळशिल्पे आहेत. कोकणातल्या कातळशिल्पांची नोंद २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे, त्यात कुडोपी येते. पण सातबाऱ्यावर बहुतेक सडे पोटखराब, म्हणजे लागवडीस अयोग्य. तिथे देव नाही आणि पीक नाही, म्हणून चिऱ्याच्या खाणीला ती जागा सोयीची.

आता समुद्राकडे येऊ. मालवणच्या बंदराला लागून किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी इथे गणेशपूजन केले आणि समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. किल्ल्यात राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये शिवराजेश्वराचे देऊळ बांधले, तिथे आजही पूजा होते. श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला किल्ल्यातले रहिवासी समुद्राला नारळ अर्पण करतात, मग बंदरावर जमलेले मालवण करते. व्यापारी, मच्छीमार, शाळेची पोरे, सगळे असतात. बायकांच्या नारळ लढवण्याच्या स्पर्धा रंगतात, फुटलेल्या नारळाचे खोबरे तिथेच वाटले जाते. पारंपरिक होड्या त्यानंतर निश्चिंतपणे बाहेर पडतात. तोवर अंगावर येणारा समुद्र शांत झालेला असतो आणि पावसाळ्यात अंडी घालणाऱ्या माशांना उसंत मिळालेली असते. १ जून ते ३१ जुलै ही सरकारची मासेमारी बंदी याच दिवसांवर बेतलेली आहे. नारळ हा तिचा जुना, लोकांना पटलेला शेवट.

आणि कासव. ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीत आणि देवगडच्या तांबळडेगला गावकरी ती घरटी राखतात. जाळ्यात कासव आले तर त्याला हळद-कुंकू लावून, नारळ ठेवून परत सोडणारे मच्छीमार या किनाऱ्यावर आहेत. त्यांच्या लेखी ते विष्णूचे रूप. पण मोठा जीव सोडवायचा तर जाळे कापावे लागते, आणि जाळ्याला पैसे पडतात. २०१८ च्या अखेरीस राज्य शासनाने नियम केला की, संरक्षित सागरी प्राणी वाचवताना जाळे फाटले तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळेल. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. श्रद्धेवर सगळा भार टाकायचा नाही, तिला हातभार लावायचा, ही समज त्यात आहे. ही समज १९८७ मध्ये असती तर मालवणची गोष्ट वेगळी झाली असती. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये कलम २६अ आले. त्यानुसार सागरी पाण्यात अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या हिताचे पुरेसे रक्षण आधी करावे लागते. मालवणची हद्द त्याआधी चार वर्षे आखून झाली होती.

दरम्यान गाभ्यातल्या खडकांवर नवी माणसे आली. स्नॉर्केलिंग आणि स्कूबासाठी हजारो पर्यटक किल्ल्यामागच्या पाण्यात उतरतात. होड्यांचे नांगर प्रवाळावर पडतात, फोटोसाठी मासे जमावेत म्हणून पाण्यात पाव-बिस्किटे टाकली जातात. या धंद्यावर आता अनेक मच्छीमार कुटुंबे जगतात, तेव्हा तो बंद करा म्हणण्यात अर्थ नाही. पण नांगराऐवजी कायमच्या बोया लावणे, खाऊ घालणे थांबवणे, काही खडपांना वर्षातले काही महिने पूर्ण उसंत देणे, हे होऊ शकते. ते फलक लावून होणार नाही. रापणकर, होडीवाले आणि गावकर यांनी एकत्र बसून नियम ठरवले, ते ग्रामदेवतेसमोर बोलले आणि मग वनखात्याने त्यांना कायद्याचा आधार दिला, तर मालवणात ते मोडायची हिंमत फार थोड्यांना होईल.

त्यासाठी पहिले काम नकाशाचे. अधिसूचनेतला नकाशा अक्षांश-रेखांशांचा आहे. होड्या चालवणाऱ्या तांडेलांच्या डोक्यात दुसरा आहे. त्यात प्रत्येक खडपाला नाव आहे, कोणत्या खडपाशी कुठला मासा कधी लागतो हे आहे, कुठे नारळ सोडल्याशिवाय जाळे टाकत नाहीत हेही आहे. हा नकाशा कागदावर उतरवायला हवा, तोही म्हातारे तांडेल हयात असताना, त्यांच्याच होडीत बसून. मिरग लागण्याआधीचे दोन-तीन महिने पाणी स्वच्छ असते. काम तेव्हा करता येईल.